खजिनदारसाहेब, गाणाऱ्याचे पैसे कुठल्या खात्यात टाकता?

प्रति,
सोलापूर शहरातील सर्व उत्सव मंडळे, जयंती समित्या आणि सोसायट्यांच्या सांस्कृतिक कमिट्या यांचे खजिनदार यांस,

सप्रेम नमस्कार.

अध्यक्षांना लिहिलेलं पत्र सत्काराच्या गडबडीत हरवतं आणि सचिव ते वाचायच्या आधीच फाईलला लावतात. तिजोरीची किल्ली तुमच्याकडे असते, म्हणून थेट तुम्हालाच लिहितोय. आषाढ संपत आलाय. पावतीबुकं छापखान्यातून आली असतील, मंडपवाल्याला इसार गेला असेल, साऊंडवाल्याशी घासाघीस चालू असेल. कलाकार अजून ठरले नसतील, कारण ते दरवर्षी शेवटीच ठरतात. तेवढ्या सवडीत हे वाचावं, ही विनंती.

मी चाटी गल्लीतल्या एका टॉवेल-चादरीच्या पेढीवर हिशेब लिहितो. दिवसभर नावे-जमा आणि रात्री गाणं, असं माझं चाललेलं असतं. गायला मला येत नाही, वाजवायलाही येत नाही. मी फक्त ऐकतो, पण ते पोटभर ऐकतो. आणि सोलापुरात वाढलेल्या माणसाचं ऐकणं एका भाषेत मावत नाही. पूर्व भागात आमच्या शेजारच्या घरी विड्या वळता वळता घंटसालांची गाणी लागलेली असायची. तेलुगू मला आजही बाजारापुरतीच येते, पण ते गाणं कुठे वळणार आणि कुठे थांबणार हे पाठ आहे. उरुसातली कव्वाली रस्त्यावर उभं राहून ऐकलेली. आणि प्रल्हाद शिंदे. विठ्ठलाचं गाणं असो, भीमगीत असो की कव्वाली असो, पहिली ओळ ते वरच्या पट्टीत अशी टाकतात की भोंगा कितीही फाटका असला तरी शब्द न शब्द कळतो. गल्लीतला भोंगा हाच ज्यांचा रेडिओ होता, त्या लोकांचा तो गायक. त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट पुरेशी सांगितलेली नाही, असं मला नेहमी वाटतं.

पहाटेचं ऐकणं मात्र मल्लिकार्जुन मन्सूरांचं. त्यांच्या गाण्यात लांबण नाही. दोन-तीन आवर्तनांत राग समोर उभा राहतो आणि मग लयीशी अशी गुंतागुंत सुरू होते की सम येईपर्यंत हातातला चहा हातातच राहतो. जयपूर-अत्रौली घराण्याची कडक तालीम घेतलेला हा धारवाडचा माणूस वचन, म्हणजे शरण संतांची कन्नड कविता, गायला लागला की सगळी विद्या बाजूला ठेवून बोलल्यासारखा गातो. ती वचनं बाराव्या शतकातली, आणि त्याच काळातले आपले सिद्धरामेश्वर स्वतः वचनकार होते. गड्ड्याच्या यात्रेत आपण लाखोंनी जमतो, नंदीध्वज खांद्यावर घेतो, पण ज्यांच्या नावाने हे सगळं चालतं त्यांनी कविता लिहिल्यात हे गावातल्या किती पोरांना ठाऊक असेल, देव जाणे. असो, हा विषय वेगळा.

माझ्या सगळ्या ऐकण्यात ज्याची कॅसेट निघाली नाही, सीडी निघाली नाही आणि जे मोबाईलवर ऐकण्यात अर्थ नाही, ते म्हणजे हलगी. ती सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं मला सर्वांत जास्त आवडतात. रस्त्याच्या कडेला कागद, पाचट, जे मिळेल ते पेटवून हलगी शेकली जाते. वादक ती जाळावर फिरवतो, बोटाने टिचकी मारतो, कान लावतो. आवाज अजून ओला असला की परत जाळावर. शेवटी एकदा ‘ठण्ण’ असा कोरडा आवाज निघतो आणि तो हसतो. मग डाव्या हातातली बारीक काडी आणि उजव्या हातातली जाड टिपरी यांचं भांडण सुरू होतं. हल्ली बरेच जण फायबरचं पान बसवतात. ते शेकावं लागत नाही, पावसात भिजत नाही, स्वस्तही पडतं. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पावसात भिजलेल्या कातड्याचा तोटा त्यांचा त्यांनाच सोसावा लागतो, मंडळ काही तो भरून देत नाही.

आता मुद्द्याचं. मी हिशेबाचा माणूस, म्हणून आपल्या पिढीने गाण्यावर काय खर्च केला ते एकदा खतावणीसारखं मांडून बघितलं. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. दुकानदाराला आवडत्या गाण्यांची यादी द्यायची, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं आणि तो भरून द्यायचा. ते पैसे दुकानदाराला आणि कोरी कॅसेट बनवणाऱ्या कंपनीला गेले. मग एका सीडीत दीडशे गाणी आली, ती रस्त्यावर मिळायची. ते पैसे विकणाऱ्याला. मग मोबाईलच्या दुकानांवर ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशी पाटी लागली आणि पोरांच्या रांगा लागल्या. ते पैसे पाटीवाल्याला. आता दर महिन्याला रिचार्ज. त्याला जोडून हेडफोन, ब्लूटूथचा डबा, गाडीतला बास. एवढं सगळं लिहून झाल्यावर ‘गायक’ या नावाने पान उघडलं, तर ते कोरं निघालं.

फुकट ऐकतो, फुकट ऐकतो असं आपण म्हणतो खरं, पण सोलापूरकराने फुकट कधीच ऐकलेलं नाही. पैसे त्याने प्रत्येक वेळी मोजले. गाणं वाहून आणणाऱ्याला दिले, वाजवणाऱ्या यंत्राला दिले. ज्याच्या गळ्यातून आलं त्याच्यापर्यंत ते पोचले नाहीत. आणि खजिनदारसाहेब, तुमच्या ताळेबंदातही हुबेहूब तेच दिसतं.

दोन-तीन मंडळांचे हिशेब मी मैत्रीखातर जुळवून दिलेत. नावं सांगत नाही, तुम्हाला तुमचाच वाटेल. मंडप, स्वागत कमान, लायटिंग, साऊंड, जनरेटर, फ्लेक्स, हार-फुलं, महाप्रसाद, फेटे, टी-शर्ट. प्रत्येकाला स्वतंत्र ओळ. हलगीवाले, भजनी मंडळ आणि शाहीर कुठे आहेत म्हणून शोधलं तर ते ‘किरकोळ’मध्ये सापडले. दोरी, खिळे, चहा आणि कलाकार.

साऊंडवाला ठरलेले पैसे हातात पडल्याशिवाय वायर जोडत नाही. आणि तो बरोबर करतो, धंद्याची रीतच ती. पण एका मंडळात कार्यक्रम संपल्यावर मी जे बघितलं ते असं. रात्रीचे बारा वाजून गेलेले. शाहिरांची पार्टी आवराआवर करतेय, ढोलकीवाला ढोलकीला गवसणी घालतोय, पेटीवाला पेटीचा पट्टा आवळतोय. म्होरक्या कार्यकर्त्यांच्या घोळक्याजवळ उभा आहे, पण बोलत नाहीये. अखेर एकाने विचारल्यासारखं केलं. ‘‘पाकीट का? खजिनदार गेलं की ओ घरला. सकाळी या की.’’ सकाळी या! माणसं बार्शीकडची, शेवटची एसटी गेलेली. त्यांनी स्टँडवर रात्र काढली आणि सकाळी जे पाकीट मिळालं त्यात ठरल्याच्या निम्मं होतं. वर ‘‘देवाचं काम आहे, समजून घ्या’’ हे होतंच. म्होरक्याने पाकीट उघडून मोजलं नाही, हाताने चाचपलं आणि खिशात टाकलं. चाचपूनच त्याला रक्कम कळली होती.

देवाचं काम म्हणता, तर त्याबद्दलही बोलू. कायद्याने तुम्ही बऱ्याच अंशी मोकळे आहात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात वाजवलेल्या गाण्याला सूट देतं, त्यात लग्नाची वरातही येते. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने जाहीर सूचना काढून, लग्नाच्या गाण्यांवर वसुली करायला येऊ नका, असं परवाना विकणाऱ्या संस्थांना बजावलं होतं. तेव्हा आरतीच्या वेळी लावलेल्या गाण्याची पावती मागायला कुणी येणार नाही, आणि येऊही नये. मात्र कोजागरीला प्रायोजक घेऊन, तिकीट लावून तुम्ही जी ऑर्केस्ट्रा नाईट करता, तिला धार्मिक विधी म्हणायचं धाडस करू नका. तिथे गाणी ज्यांनी लिहिली आणि चाली ज्यांनी लावल्या त्यांचा हक्क आहे. त्यांच्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून काम करते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार-संगीतकारांनी आपला रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून द्यायचा म्हटला तरी तो देता येत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत यासाठी भांडले होते.

पण माझं म्हणणं कायद्याचं नाहीच. देवासमोर वाजवलेल्या गाण्याला कायद्याने सूट दिली, देवासमोर वाजवणाऱ्याची मजुरी बुडवायला सूट दिलेली नाही. मंडपवाल्याचा बांबू देवासाठीच उभा असतो. त्याला म्हणून बघा, देवाचं काम आहे, निम्मे घ्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कुणी म्हणेल याला प्रत्येक सुराचे पैसे लावायचेत. पूर्व भागात नवरात्रात बायका बतुकम्माभोवती, म्हणजे फुलं रचून केलेल्या देवीभोवती, फेर धरतात. एकजण ओळ सांगते, बाकीच्या उचलतात, टाळ्यांवर ठेका. ना वाद्य, ना माईक. भोंडल्याचं तेच, एकादशीच्या भजनाचं तेच, कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांच्या गाण्यांचं तेच. तिथे पैशाचा विषय काढणं हाच अडाणीपणा. ते गाणं गाणाऱ्यांचंच असतं, ऐकणारा वेगळा नसतोच. प्रश्न सुरू होतो तो एकजण स्टेजवर आणि बाकीचे खुर्चीत बसले की. त्याने त्या रात्रीसाठी दुसरं काम सोडलेलं असतं, गळा राखलेला असतो, पेटीवाल्याला शब्द दिलेला असतो. खुर्चीत बसलेल्यांनी मग फक्त टाळ्यांवर भागवू नये.

‘‘पण स्टेज मिळतंय की ओ, नाव होतंय की’’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची आता चाल लावता येईल. कॉलेजातल्या पोराला म्हणालात तर एक वेळ समजू शकतो. साठी ओलांडलेल्या शाहिराचं आणखी कुठलं नाव व्हायचं राहिलंय? आणि नाव करायचंच असेल तर तुमचा फ्लेक्स बघा. त्यावर नेते आहेत, मार्गदर्शक आहेत, आधारस्तंभ आहेत, वाढदिवस असलेले भाऊ आहेत, गॉगल घातलेली गल्लीतली सगळी पोरं आहेत. कोपऱ्यात ‘सांस्कृतिक कार्यक्रम, रात्री ८’. गाणाऱ्याचं नाव नाही.

ही सवय जुनी आहे आणि ती फक्त आपली नाही. १९४९ साली लताबाईंना ज्या गाण्याने घराघरांत नेलं, त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून सिनेमातल्या पात्राचं नाव छापलं होतं. कोण गातंय हे लोक विचारू लागले तेव्हा खरं नाव आलं. पुढे साठच्या दशकात लताबाईंनी गायकांनाही रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. रफीसाहेबांचं म्हणणं असं, की गायलो, पैसे घेतले, विषय संपला. दोघांचं इतकं बिनसलं की काही वर्षं एकत्र गायले नाहीत. मी रफीसाहेबांच्या बाजूचा माणूस, त्यांच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेणार नाही, पण या एका भांडणात लताबाई बरोबर होत्या. रफीसाहेबांसारखा मोठा गायक रोज नवं गाणं गाऊ शकत होता, त्याला ‘विषय संपला’ म्हणणं परवडत होतं. ज्याच्या आयुष्यात दोनच गाणी चालली त्याचा विषय असा संपत नाही. ती दोन गाणी तुमची डीजेची भिंत मिरवणुकीत सात तास वाजवते, आणि ती ज्याची आहेत तो घरात खोकत पडलेला असतो.

डीजेच्या आवाजावर मी बोलणार नाही. त्यासाठी पोलीस आहेत, कोर्ट आहे आणि अलीकडे वर्तमानपत्रात पत्रं लिहिणारी डॉक्टर मंडळी आहेत. माझा मुद्दा एवढाच, की त्या भिंतीच्या भाड्यात आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्या शाहिरांचा श्रावण-भाद्रपद निघेल.

तुमच्यातले जे तरुण आहेत ते म्हणतील, काका, आता सगळं ॲपवर आहे, पैसे आपोआप पोचतात. मीही ॲपचे पैसे भरतो. पेपरवाल्याचं बिल भरावं तसं दर महिन्याला भरतो, आणि ज्याला परवडतं त्याने भरावेत असं माझं ठाम मत आहे. पण ते पोचतात कसे, हे एकदा समजून घ्या. मी महिनाभर फक्त मन्सूर ऐकले तरी माझे पैसे फक्त मन्सूरांच्या रेकॉर्डांना जात नाहीत. बहुतेक ॲपवर सगळ्या गिऱ्हाइकांचे पैसे आधी एकाच गल्ल्यात जमा होतात आणि मग देशभरात कुठलं गाणं किती वेळा वाजलं त्या प्रमाणात वाटले जातात. म्हणजे पहाटेच्या माझ्या तोडीचे पैसे बहुतांश त्या महिन्यात गाजणाऱ्या सिनेमाच्या गाण्याला. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये ज्याचं ऐकलं त्यालाच पैसे अशी पद्धत काही कलाकारांसाठी सुरू केली, पण मोठ्या दुकानांनी ती उचललेली नाही. स्पॉटिफायने तर २०२४ पासून नियमच केलाय, की गाणं वर्षात हजार वेळा वाजलं नाही तर त्याला त्या गल्ल्यातून काहीच नाही. आपल्या मोहोळच्या किंवा मंगळवेढ्याच्या एखाद्या भजन गायकाचं गाणं सातशे वेळा वाजलं, तर त्याचा हिस्सा शून्य. सातशे माणसं म्हणजे गच्च भरलेलं थिएटर, साहेब. तेवढ्यांनी ऐकलं आणि हिशेबात शून्य.

यूट्यूबची गंमत आणखी निराळी. जाहिरातीतला वाटा मिळायला चॅनेलला हजार सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जावं लागतं. शाहिराकडे ते नसतात. ते असतात तुमच्या मंडळात गिम्बल घेऊन फिरणाऱ्या पोराकडे. तो पूर्ण पोवाडा शूट करतो, रात्रीतच आपल्या चॅनेलवर टाकतो, वर स्वतःचा वॉटरमार्क मारतो. व्ह्यूज त्याचे, जाहिरात त्याची. पुढच्या गावचे लोक शाहिराला बोलवायचं सोडून तोच व्हिडिओ लावतात. त्या पोराच्या मनात काही वाईट नसतं, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही सांगा. शूटिंगच्या आधी विचारायचं, आणि ‘हो’ म्हटलं तर फाईल शाहिरालाही द्यायची म्हणजे तो स्वतःच्या चॅनेलवर टाकू शकेल. यात तुमच्या तिजोरीतून एक रुपया जात नाही.

मन्सूर १९९२ मध्ये गेले, प्रल्हाद शिंदे २००४ मध्ये. त्यांच्या रेकॉर्डचे पैसे आता कंपनीला आणि झालेच तर वारसांना. रेकॉर्ड प्रसिद्ध झाल्याचं वर्ष सरलं की पुढची ६० वर्षं तिच्यावर हक्क असतो, मग ते रेकॉर्डिंग सगळ्यांचं. म्हणून गेलेल्यांच्या बाबतीत माझ्या मनाला फारशी टोचणी नाही. टोचणी आहे ती गल्लीत जिवंत असलेल्यांची, आणि त्यांच्यापर्यंत पैसे पोचवायला ॲपची, कंपनीची, सोसायटीची कुणाचीच गरज नाही. ते समोर उभे असतात.

आपल्याच जिल्ह्यात अशी एक जागा आहे जिथे ऐकणारा गाण्याचे पैसे त्याच रात्री, गाणारीच्या समोर मोजतो. मोडनिंबकडची संगीतबारी. फर्माईश केली की पैसे काढायचे, मग लावणी. त्या जागेचं नाव काढलं की आपण नाक मुरडतो. तिथे सगळं चांगलं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. थिएटर मालकाचा वाटा आहे, दौलतजादाच्या नावाखाली काय काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या बायकांनी काय सोसलंय ते आपण विचारतही नाही. पण ऐकलं तर पैसे, हा साधा व्यवहार तिथे कुणी मोडत नाही. मोडला तर ढोलकी थांबते. हुतात्मा स्मृती मंदिरात पुढच्या रांगेत फुकट पासवर बसून, मध्यंतरात वडा खाऊन, भैरवीआधी उठणाऱ्या प्रतिष्ठितांपेक्षा तो फर्माईशवाला मला निदान हिशेबाला चोख वाटतो.

पासांवरून आठवलं. आयोजकांनो, पुढच्या तीन-चार रांगा पाहुण्यांसाठी राखता आणि त्या अर्ध्या रिकाम्या राहतात. गाणाऱ्याला स्टेजवरून पहिल्यांदा त्या रिकाम्या खुर्च्या दिसतात. मी मागचं तिकीट काढून बसलेलो असतो, मला पुढे बसू द्या.

ज्यांच्याकडे नाही त्यांच्याकडे मात्र मागू नका. विड्या वळणारी बाई मोबाईलवर गाणी लावते, दर दोन गाण्यांनी जाहिरात सोसते आणि हात चालू ठेवते. यंत्रमागावरून सुटलेला माणूस कानातला खडखडाट जावा म्हणून घटकाभर काहीतरी ऐकतो. त्यांना कुणी ‘गाणं विकत घेऊन ऐका’ असं शिकवायला जाऊ नये. त्यांचं ऐकणं त्यांच्या ऐपतीत आहे आणि त्यात कुणाची फसवणूक नाही. मला बोलायचंय ते ज्याच्या हातात पावतीबुक आहे त्याच्याशी. त्याच बाईच्या दारातून तुम्ही वर्गणी नेता. तिने दिलेल्या पैशात गाणाऱ्याचा वाटा आहे, असं समजूनच ती देते.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. वर्गणी वेळेवर येत नाही, प्रायोजकाला फक्त स्वतःचा फोटो हवा असतो, कार्यकर्ते फेट्यांवर उधळतात आणि शेवटी कमी पडलं की खजिनदाराने खिशातून घालायचे. कमी पडल्यावर कुणाचे कापता येतील ते तुम्ही बघता, आणि कलाकार भांडत नाही म्हणून त्याचे कापता. यावर माझ्याकडे एकच साधा उपाय आहे: त्याचे पैसे आधी देऊन टाका. निम्मे ठरवताना इसार म्हणून, उरलेले स्टेजवर चढायच्या आधी. जाण्या-येण्याचा खर्च वेगळा. रात्री उशीर झाला तर झोपायला जागा आणि गरम जेवण. महाप्रसादाच्या पातेल्याच्या तळाशी उरलेला भात नव्हे. आणि ताळेबंदात त्यांना ‘किरकोळ’मधून बाहेर काढून साऊंडच्या वरची ओळ द्या. रक्कम साऊंडपेक्षा कमी असली तरी ओळ वरची असू द्या, पुढच्या वर्षीच्या खजिनदाराच्या नजरेत ती पहिली येईल.

फ्लेक्सवर एवढे चेहरे मावतात, तर हलगीवाल्यांचं नाव आणि शेजारी त्यांचा क्यूआर कोडही मावेल. भाजीवालीच्या गाड्यावर आहे, पानाच्या टपरीवर आहे, देवळाच्या दानपेटीवर आहे. हलगीवर खूश होऊन ज्याला शंभराची नोट ओवाळून टाकायची आहे, त्याने ती रस्त्यावर फेकून वादकाला वाकायला लावण्यापेक्षा मोबाईलवरून पाठवावी. नोट उचलताना ठेका तुटतो, हे फेकणाऱ्याला कळत नाही.

पेशवाईतले शाहीर राम जोशी सोलापूरचे आणि अमर शेख बार्शीचे, हे आपल्या प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात येतं. अकलूजच्या लावणी स्पर्धेचा अभिमानही येतो. यंदा भाषण थोडं आखडतं घेऊन तेवढ्या वेळात स्टेजवरच पाकीट द्या. बंद नको, मोजून द्या, आणि रक्कम माईकवर सांगा. वर्गणीदारांची नावं आकड्यांसकट वाचता तशीच.

आता माझ्यापुरतं. तुमचे कार्यकर्ते वर्गणीला येतील तेव्हा पावतीवर ‘कलाकारांची बिदागी’ असं स्वच्छ लिहून देणार असाल, तर मी नेहमीच्या दुप्पट वर्गणी देईन. नुसती ‘उत्सव वर्गणी’ लिहिलेली पावती आली तर नेहमीची रक्कम मिळेल, आणि वरची मी हलगीवाल्यांना परस्पर पाठवीन. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. तुमच्याकडे नसेल तर मागून घ्या, आणि या वेळी मंडपवाल्याच्या आधी त्यांना फोन करा.

कळावे,
आपला,
एक वर्गणीदार
सोलापूर